अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि त्याचे पोट

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, पण आठव्यातले जगत नाही, असे आपल्याकडच्या जुन्या बायका अजूनही सांगतात. ही समजूत खरी नाही. आईच्या उदरात बाळाला मिळालेला प्रत्येक जादा दिवस त्याच्या फायद्याचाच असतो. आठव्या महिन्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा अधिक तयार असते, हे साधे गणित आहे. मात्र अपुऱ्या दिवसांच्या बाळाबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांना जी धास्ती वाटते, ती काही खोटी नव्हे. अशा बाळाला पहिला धोका असतो तो श्वासाचा. तो आता बऱ्याच ठिकाणी टाळता येतो. पण श्वासाचे संकट सरून घरची मंडळी निर्धास्त होऊ लागतात, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक दुसरेच दुखणे उद्भवू शकते. ते दुखणे पोटाचे, म्हणजे आतड्यांचे. आज त्याविषयीच थोडे बोलायचे आहे.

समजा, एका बाईला तिसाव्या आठवड्यातच कळा आल्या. मुलगी झाली. वजन भरले बाराशे ग्रॅम. पहिले चार दिवस सर्वांचा जीव टांगणीला लागला होता. मग श्वास सुधारला. काचेच्या पेटीत ठेवलेल्या त्या मुलीला नळीवाटे थोडे थोडे दूध सुरू झाले, वजनही वाढू लागले. बाराव्या दिवशी सकाळी परिचारिकेच्या लक्षात आले की, मुलीचे पोट किंचित फुगले आहे. मागच्या खेपेचे दूध पोटात तसेच पडून आहे, आणि त्याला हिरवट रंग आला आहे. मुलगी मलूल दिसते आहे. मधूनच श्वास घ्यायचे विसरते आहे. दुपारी शी झाली, तीत रक्ताचा ठिपका होता. डॉक्टरांनी ताबडतोब दूध बंद करायला सांगितले.

बाहेर बाकावर बसलेल्या आजीबाई उठून आल्या. "अहो डॉक्टर, एवढंसं लेकरू ते. त्याच्या अंगात आहे काय? आणि त्याचं दूधच तोडता?"

आजीबाईंचा प्रश्न रास्त आहे. ज्याला घासभर मिळावे म्हणून सारे घर धडपडते, त्यालाच उपाशी ठेवायचे, हे कुणाच्याही मनाला पटणारे नाही. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर नीट दिले पाहिजे.

या दुखण्याला डॉक्टर 'नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस' म्हणतात. नाव लांबलचक आहे, म्हणून रुग्णालयात त्याला थोडक्यात 'एन.ई.सी.' म्हणायची पद्धत पडली आहे. अर्थ असा की, आतड्याला सूज येते, आणि ती वाढत गेली तर आतड्याचा काही भाग मरतो. बहुधा लहान आतड्याचा शेवट आणि मोठ्या आतड्याची सुरुवात, हा भाग सापडतो. दीड किलोपेक्षा कमी वजनाची शंभर बाळे घेतली, तर त्यांतल्या साधारण पाच ते दहांना हा रोग होतो. पुऱ्या दिवसांच्या बाळांना तो क्वचितच होतो. झालाच तर हृदयाचा जन्मजात दोष, जन्मताना जीव घुसमटणे, असे काही तरी कारण बहुतेक वेळा मागे असते.

आता हे होते कसे? गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचे लहान आतडे जवळजवळ दुप्पट लांब होते. त्याच्या आतले अस्तर याच काळात पक्के होते. अन्न पुढे ढकलण्याची शिस्तबद्ध हालचालही याच काळात आतड्याला जमू लागते. ज्या बाळाला हे तीन महिने मिळालेच नाहीत, त्याच्या आतड्याचे अस्तर नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीसारखे असते. दिसायला जमीन पुरी झालेली असते, पण तिच्यावर पाऊल टाकले की ठसा उमटतो.

जन्मानंतर प्रत्येकाच्याच आतड्यात जंतू वस्तीला येतात. त्यांतले पुष्कळसे उपकारक असतात. पण रुग्णालयातल्या, काही दिवस प्रतिजैविके घेतलेल्या अशा बाळाच्या पोटात चांगल्या जंतूंची वस्ती नीट बसलेली नसते, आणि उपद्रवी जंतूंना मोकळे रान मिळते. दूध पुढे सरकत नाही, साचते. जंतू कच्च्या अस्तरातून आत घुसतात. अपुऱ्या दिवसांच्या आतड्याची आणखी एक खोड अशी की, जंतूंची चाहूल लागली की ते गरजेपेक्षा कितीतरी अधिक भडकते. सूज येते, रक्तवाहिन्या आकसतात, त्या भागाला रक्त पुरत नाही, आणि तो मरू लागतो. म्हणजे हा एखाद्या ठरावीक जंतूचा रोग नव्हे. कच्चे आतडे, बिघडलेली जंतूंची वस्ती आणि पोटातले दूध ही तिन्ही एकत्र आली की तो पेट घेतो.

आता आजीबाईंचे उत्तर आपोआप मिळते. सुजलेल्या, फुगलेल्या आतड्यात दूध घालणे म्हणजे विस्तवात लाकूड सारणे. ते बाळाच्या अंगी लागत नाही; जंतूंचे मात्र पोषण होते. म्हणून या रोगावरचे पहिले औषध म्हणजे उपास.

पण उपास म्हणजे उपासमार नव्हे. बाळाचे पोषण तोंडावाटे थांबते, शिरेवाटे सुरूच राहते. ही काही नुसती साखर-मिठाची सलाईन नसते. तिच्यात साखर, प्रथिनांचे घटक, स्निग्धांश, क्षार आणि जीवनसत्त्वे मोजून मापून मिसळलेली असतात. नुसत्या शिरेवाटे दिलेल्या अन्नावर तान्हे मूल वाढू शकते, हे अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉ. विल्मोर आणि डॉ. डुड्रिक यांनी एका मुलीच्या बाबतीत दाखवून दिले. जन्मतःच तिचे जवळजवळ सगळे लहान आतडे निकामी होते. 1968 साली ही हकिकत प्रसिद्ध झाली, आणि आतड्याला विसावा द्यायचा तर मूल उपाशी मरेल, ही अडचण दूर झाली.

उपासाबरोबर आणखी काही गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. तोंडातून पोटात एक बारीक नळी घालून आत कोंडलेली हवा आणि हिरवट पाणी काढून घेतात, म्हणजे आतड्यावरचा ताण उतरतो. जंतूंचा शिरकाव रक्तापर्यंत झालेला असू शकतो, म्हणून शिरेतून प्रतिजैविके देतात. सुजलेले पोट शरीरातले पाणी शोषून घेते, रक्तदाब घसरतो; म्हणून पाणी, क्षार, प्रसंगी रक्त किंवा रक्तातल्या चकत्या द्याव्या लागतात. श्वास थकला तर यंत्राची मदत घेतात. आणि पहिल्या दोन दिवसांत दर काही तासांनी पोटाचा क्ष-किरण फोटो काढतात.

हे फोटो पुन्हापुन्हा का काढतात, असे पुष्कळ आई-वडील विचारतात. त्याचे कारण असे. या रोगात जंतूंनी तयार केलेला वायू आतड्याच्या भिंतीच्या आतच शिरतो, आणि फोटोत त्याचे बारीक बुडबुडे किंवा रेघा दिसतात. ही या रोगाची ठळक खूण आहे. आतड्याला भोक पडले, तर हवा आतड्याबाहेर पोटाच्या पोकळीत येते. तीही फोटोत दिसते. अमेरिकेतल्या सेंट लुइस येथील डॉ. मार्टिन बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली या रोगाच्या तीन पायऱ्या आखून दिल्या: नुसता संशय, निश्चित रोग आणि बळावलेला रोग. पुढे त्यांत सुधारणा झाल्या, पण पायऱ्यांची कल्पना आजही वापरात आहे. नुसता संशय असेल आणि तो खोटा ठरला, तर दोन-तीन दिवसांत दूध पुन्हा सुरू करता येते. रोग निश्चित असेल, तर सात ते दहा दिवस, कधी दोन आठवडेही, पोटाला विसावा द्यावा लागतो.

पुष्कळशी बाळे एवढ्या उपचाराने बरी होतात. काहींच्या आतड्याला मात्र भोक पडते, किंवा सर्व उपचार चालू असतानाही प्रकृती खालावत जाते. अशा वेळी शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. शल्यचिकित्सक मेलेला भाग काढून टाकतात, आणि उरलेल्या चांगल्या आतड्याचे तोंड पोटावर बाहेर आणून ठेवतात. काही आठवडे शी त्या वाटेने एका पिशवीत येते. आईला पहिल्यांदा ते पाहून भोवळ यायची पाळी येते. पण ही वाट बहुधा तात्पुरती असते. बाळाने बाळसे धरले की दुसऱ्या शस्त्रक्रियेने आतडे जोडून ती बंद करतात.

काही बाळे इतकी लहान आणि इतकी आजारी असतात की, पोट उघडणे त्यांना सोसणार नाही असे वाटते. अशा बाळांसाठी कॅनडातल्या टोरँटो येथील शल्यचिकित्सकांनी 1977 साली एक सोपा मार्ग सांगितला. पेटीतच, तेवढाच भाग बधिर करून, पोटाला लहानसे छिद्र पाडायचे आणि आतली घाण वाहून जाण्यासाठी एक मऊ नळी ठेवून द्यायची. या दोन मार्गांत सरस कोणता, याची 117 बाळांवर केलेली तुलना 2006 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण जवळजवळ सारखेच, शंभरात सुमारे पस्तीस निघाले. तेव्हा बाळाची अवस्था पाहूनच मार्ग निवडावा लागतो. "तुम्ही पोट का उघडलं नाही?" किंवा "का उघडलंत?" असा वाद घालण्यात अर्थ नसतो.

ही संख्या सांगितली ती कुणाला घाबरवण्यासाठी नव्हे. एकंदरीत पाहिले, तर हा रोग झालेल्या शंभर बाळांपैकी वीस ते तीस दगावतात, आणि शस्त्रक्रियेपर्यंत पाळी गेलेल्यांत हे प्रमाण अधिक असते. वाचलेल्यांपैकी काहींच्या आतड्यात पुढच्या दोन-तीन महिन्यांत, सूज भरून येताना, अरुंद जागा तयार होते, आणि पोट पुन्हा फुगू लागते. ज्यांचे पुष्कळ आतडे काढावे लागले, त्यांना अन्न अंगी लावून घ्यायला महिने, कधी वर्षेही लागतात. म्हणून घरी सोडल्यावर सांगितलेल्या तारखांना बाळाला दाखवायला नेणे, त्याचे वजन, नजर, कान आणि वाढ तपासून घेणे फार महत्त्वाचे. "आता बरं दिसतंय की," म्हणून तारीख चुकवू नये.

रोग इतका कठीण असला, की तो होऊच नये यासाठी काय करता येईल, हा प्रश्न आलाच. आणि इथे एक असे औषध आहे, जे कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. ते म्हणजे आईचे दूध.

न्यूयॉर्क येथे डॉ. बार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांवर केलेले प्रयोग 1974 साली प्रसिद्ध झाले. त्रास दिलेल्या पिल्लांना तयार दूध पाजले, तर त्यांना असाच आतड्याचा रोग होई; आईचे दूध मिळालेली पिल्ले त्यातून वाचत. माणसांतही असेच आहे काय, याचा ताळा इंग्लंडात डॉ. ल्यूकस आणि डॉ. कोल यांनी 926 अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरून घातला, आणि तो 1990 साली प्रसिद्ध केला. ज्यांना नुसते पावडरचे दूध मिळाले, त्यांच्यात हा रोग नुसते मानवी दूध मिळालेल्यांपेक्षा सहा ते दहा पट अधिक आढळला.

असे का व्हावे? आईच्या दुधात, विशेषतः पहिल्या दिवसांच्या चिकात, जंतूंना अस्तराला चिकटू न देणारी द्रव्ये असतात, अस्तर पक्के करणारे घटक असतात, आणि चांगल्या जंतूंना पोसणारी एक खास साखरही असते. इथे आपल्या एका विसंगतीकडे लक्ष वेधावेसे वाटते. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण कौतुकाने खातो, शेजारीपाजारीही वाटतो. आणि आपल्या लेकीसुनेचा चीक मात्र 'घट्ट आहे, पिवळा आहे, बाधेल' म्हणून काही घरांत आजही पिळून टाकला जातो. ज्या थेंबांची सर्वांत अधिक गरज, तेच मोरीत जातात!

बाराशे ग्रॅमच्या बाळाला चोखता येत नाही, हे खरे. पण आईला दूध काढता येते. बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच, हात स्वच्छ धुऊन, उकळून घेतलेल्या वाटीत दूध काढायला सुरुवात करावी, आणि मग रात्र धरून दिवसाकाठी आठ वेळा तरी काढावे. सुरुवातीला जेमतेम चमचाभर निघते. "एवढ्यानं काय होणार?" म्हणून निराश होऊ नये. अशा बाळाला एका वेळी लागते तेच मुळी एक मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. नळीवाटे दिलेले ते थेंब बाळाचे पोट भरण्यासाठी नसतात. आतड्याला कामाची सवय लावण्यासाठी असतात.

आईला दूध आलेच नाही, किंवा आई स्वतःच अत्यवस्थ असली, तर? त्यासाठी मातृदुग्धपेढ्या आहेत. आशियातील पहिली अशी पेढी मुंबईत, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 साली सुरू झाली. ज्या मातांना आपल्या बाळाचे भागून दूध उरते, त्या ते पेढीला देतात. देणाऱ्या आईची रक्ततपासणी होते. दूध साडेबासष्ट अंश उष्णतेवर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करतात, मग गोठवून ठेवतात. या उष्णतेने दुधाचे काही गुण कमी होतात, म्हणून आपल्या आईच्या दुधाची सर त्याला येत नाही. पण ते पावडरच्या दुधापेक्षा पुष्कळच बरे. घरोघर फिरून कुणाचे तरी दूध आणून मात्र पाजू नये. तपासलेले आणि निर्जंतुक केलेलेच दूध द्यावे.

प्रतिबंधाच्या आणखी दोन-तीन गोष्टी आहेत. अपुऱ्या दिवसांत कळा येऊ लागल्या, तर गर्भिणीला लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे. तिथे तिला स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. ते बाळाची फुप्फुसे तयार करते, आणि आतड्याच्या या रोगाचे प्रमाणही कमी करते. बाळाला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने, आजीनेसुद्धा, हात साबणाने धुवावेत. प्रतिजैविके आणि आम्लता कमी करणारी औषधे अशा बाळाला गरजेवाचून देऊ नयेत, हे डॉक्टरांनीही सांभाळायचे आहे. चांगल्या जंतूंची पूड काही रुग्णालयांत देतात. पण 2023 साली अमेरिकेच्या औषध खात्याने अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या बाबतीत तिच्याविषयी सावधगिरीचा इशारा दिला आहे. तेव्हा दुकानातून आणून ती आपण होऊन मुळीच देऊ नये.

आता पुन्हा त्या बाराशे ग्रॅमच्या मुलीकडे वळू. तिचे दूध तोडल्यावर पुष्कळ आया एक चूक करतात. "बाळ पीत नाही, मग दूध काढून करायचं काय?" म्हणून त्या दूध काढायचे थांबवतात. आठवडाभरात दूध आटते. आणि बाळाचे पोट सुधारून पुन्हा दूध द्यायची वेळ येते, तेव्हा देण्यासाठी आईचे दूधच नसते. उपासाच्या दिवसांतही आईने ठरल्या वेळी दूध काढत राहावे, आणि ते रुग्णालयात गोठवून ठेवता येते काय ते परिचारिकेला विचारावे. उपासाचे पारणे कशाने करायचे, हे पारण्याच्या दिवशी ठरवून भागत नाही. या आजारात हे पारणे आईच्याच दुधाने व्हावे. आजीबाईंना काही करायचे असेल, तर त्यांनी सुनेला वेळेवर गरम जेवण द्यावे, रात्री ती दूध काढायला उठली की तिच्याजवळ बसावे, आणि "तुझ्याच दुधानं बाधलं" असे एका शब्दानेही म्हणू नये. या काळजीतल्या बाईला त्या एका शब्दाने दूध नाहीसे होण्याइतका धक्का बसतो.

शेवटी, ज्यांच्या घरी पुऱ्या दिवसांचे, अंगापिंडाने चांगले तान्हे मूल आहे, त्यांच्यासाठीही दोन शब्द. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली, तर ती 'पित्ताची' म्हणून सोडून देऊ नका. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, आणि तसे असेल तर आतडे वाचवायला हातात काही तासच असतात. पोट टणक फुगणे, शीत रक्त येणे, बाळाने पिणे सोडणे, अंग गार पडणे, या खुणा दिसल्या तर रात्र असली तरी थांबू नये. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आणि जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या विशेष कक्षात बाळाला न्यावे. अशा वेळी पोटाला हिंग लावणे, गुटी उगाळून चाटवणे, ग्राइप वॉटर पाजणे यांत मोलाचा वेळ जातो. आणि पोट फुगले म्हणून तापल्या विळ्याने डागण्या देण्याचा प्रकार तर तात्काळ बंद झाला पाहिजे. त्याने आतले दुखणे तिळभरही कमी होत नाही. आजारी लेकराच्या अंगावर जखमा तेवढ्या वाढतात.

बाळाचे दूध कधी थांबवायचे आणि कधी पुन्हा सुरू करायचे, हे डॉक्टरांनी ठरवावे. पण सुरू करायचे ठरेल त्या दिवशी ते दूध हाताशी असावे, ही जबाबदारी एकट्या आईची नव्हे. तिला जेवण, विश्रांती आणि धीर पुरवणाऱ्या साऱ्या घराची ती आहे.